बांधाखालचं पाणी

गेल्या आठवड्यापासून परतीचा पाऊस पुन्हा सुरू झालाय. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरचं पाणी पाइपातून खाली अंगणात पडतं आणि मी सकाळी चहाचा कप हातात धरून त्या पाण्याचा रंग बघत उभी राहते. नवरा म्हणतो, "गच्चीचं पाणी आहे गं, त्यात काय बघायचं?" त्याचं बरोबर आहे. पण दोन वर्षांपूर्वीच्या पावसापासून मला ही खोड लागली आहे. मोरीतलं असो, नळाचं असो, की रस्त्यावरच्या फुटक्या पाइपातून निघालेलं असो, वाहतं पाणी दिसलं की माझी नजर आधी त्याच्या रंगाकडे जाते. स्वच्छ असलं की मी पुढच्या कामाला लागते. गढूळ असलं की ते स्वच्छ होईपर्यंत मी तिथंच उभी राहते.

मी मुळातच भित्री. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारी, लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभी राहणारी. त्यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते आणि मी ती करून घेते. पण ही भीती त्यातली नाही. हिला कारण आहे आणि ते कारण मला फळ्यावर आकृती काढून समजावूनसुद्धा सांगता येतं. कारण कळलं की भीती जाते, असं मी वर्गात पोरांना सांगत आले. ते खोटं आहे. कारण कळल्यावर भीतीला नुसता पत्ता मिळतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं झाली. द्रवांच्या प्रवाहाचा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून मी त्या दिवशी काचेची एक लांब नळी लावते आणि तिच्यातल्या वाहत्या पाण्यात जांभळ्या रंगाची बारीक रेघ सोडते. नळ अगदी थोडा उघडला तर ती रेघ सरळ जाते, आखल्यासारखी. आणखी थोडा उघडला की ती झुलायला लागते. आणखी उघडला की एकदम मोडते आणि सगळ्या नळीभर भोवरे होतात. मुली "आई गं" म्हणतात. मी विचारते, हे भोवरे कुणी काढले? कुणीच नाही. वेग वाढला, पाण्याचा चिकटपणा त्याला आवरायला पुरेना, एवढंच झालं.

मग मी त्यांना घरात आणि रानात घेऊन जाते. वरण उकळताना पातेल्यात मधून वर येतं आणि कडेनं खाली जातं, ते कुणी ढवळत नसतं. दौलताबादच्या घाटातून बसच्या खिडकीबाहेर बघितलं तर डोंगराच्या अंगावर ओघळी दिसतात, बारीक ओघळी मिळून मोठी, मोठ्या मिळून घळ. सागाचं पान उजेडात धरलं तर तेच. मनगटाच्या आतल्या बाजूला तेच. या सगळ्यामागे फार साधी गोष्ट आहे. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं आणि जी वाट सोपी असेल ती धरतं. ज्या वाटेनं थोडं जास्त पाणी जातं ती थोडी जास्त झिजते. झिजली की तिच्यात आणखी पाणी येतं आणि शेजारच्या वाटा सुकतात. नदी अशीच होते. मी हे वाक्य फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायचे आणि म्हणायचे, किती सुंदर आहे बघा. तोवर मी भरलेल्या तलावाच्या बांधाखाली कधी उभी राहिले नव्हते.

आमचं गाव खुलताबादच्या पुढे, डोंगर उतरल्यावर. गावाच्या वर एका घळीच्या तोंडाला पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावच्याच लोकांनी माती वाहून तो बांधला. पाझर तलावाला कालवा नसतो. त्याचं काम झिरपायचं. पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना जाऊन मिळतं. त्यामुळे दुसरीकडे कुठं तलाव गळायला लागला तर लोकांच्या तोंडचं पाणी पळेल, आमच्याकडे मात्र "तलाव पाझरायला लागला" ही आनंदाची बातमी असते. ती सांगताना माणसं हातावर साखर ठेवतात.

बांधाच्या खाली दोन-अडीचशे पावलांवर माझ्या थोरल्या भावाचं घर आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, शेळ्यांचा गोठा आणि मग अद्रकीचं रान. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मला पोहायला त्यानंच शिकवलं, म्हणजे पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलून दिलं आणि वर बसून भुईमुगाच्या शेंगा खात बसला. मी किंचाळत होते. "भ्याल्यावर मानूस बुडत नाय, हातपाय मारतं," असं तो वरून सांगत होता. त्या घरात आता तो आणि वहिनी दोघंच असतात. मुलगी लग्न होऊन पाचोडला गेली.

त्या वर्षाच्या आधी सलग दोन पावसाळे तलाव भरला नव्हता. विहिरीच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळत होती. मग त्या वर्षी उत्तरा नक्षत्र लागलं आणि पाऊस आला, त्यापाठोपाठ हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस आला आणि चार दिवसांत तलाव काठोकाठ झाला. मी रविवारी गेले तेव्हा गावातल्या बायका तलावाची ओटी भरत होत्या. पाण्यावर खण आणि नारळ तरंगत होते. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते लपवत नव्हता.

बांधाच्या एका अंगाला सांडवा आहे. पाणी ठरलेल्या उंचीच्या वर गेलं की त्या दगडी उंबऱ्यावरून आपोआप बाहेर पडावं आणि बांधावर ताण येऊ नये, यासाठी तो असतो. त्या दिवशी पाणी सांडव्यावरून जायला लागलं आणि आमच्या लोकांना ते बघवेना. दादा म्हणाला, "दोन वरसं वाट बगितली, अन् आता असंच जाऊ देऊ व्हय?" कुणी विरोध केला नाही. मातीनं भरलेली पोती आली, दगड आले. संध्याकाळच्या आत सांडव्याच्या तोंडावर दोन हात उंच आडवण उभी राहिली. पाणी थांबलं. माणसं टाळ्या वाजवत होती. या भागात हे सगळीकडे करतात. ज्यांनी टँकरमागे घागरी घेऊन पळापळ केली आहे त्यांना वाहून जाणारं पाणी बघायला सांगणं सोपं नाही. मीही ओळीत उभी राहून दगड पुढं दिले. पाण्याची उंची वाढली की तळाशी दाब वाढतो, हे मला त्या वेळी आठवलं होतं. दोन हात पाण्यानं काय होतंय, असंही वाटलं होतं.

आडवण घातल्यापासून पाचव्या दिवशी बांधाच्या पायथ्याशी, बाभळीजवळ, एक झरा लागला. करंगळीएवढी धार. वहिनींनी भोवती दगड रचले, एक फुटका पाइप लावून घागर बसेल अशी सोय केली आणि वरच्या दगडाला हळद-कुंकू लावलं. पाणी इतकं नितळ की तळाचा खडान् खडा मोजून घ्यावा. गोडसुद्धा होतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले तेव्हा वहिनींनी त्याच पाण्याचा चहा केला आणि पिताना सगळे म्हणाले, नळाच्या पाण्याला ही चव नाही.

करीमचाचा रोज त्या झऱ्यावर यायचे. गावातलेच, आता पंचाहत्तरीच्या पुढे. तरुणपणी याच बांधावर गाढवांवरून माती वाहिलेली, पुढं कितीतरी तलावांच्या कामावर मुकादम म्हणून राहिलेले. ते वहिनींकडून काचेचा पेला मागायचे, झऱ्याचं पाणी भरून दगडावर ठेवायचे आणि एक विडी ओढून होईपर्यंत गप्प बसायचे. मग पेला उचलून त्याचा तळ बघायचे. तळाशी काही बसलेलं नसलं की म्हणायचे, "साफ है. सोने दो बाँध कू."

मी विचारलं, "आणि साफ नसलं तर?"

चाचांनी विडी विझवली. "जिस दिन पानी मिट्टी लाया ना बेटी, उस दिन घर-सामान नहीं देखने का. पहले ऊपर जाने का." एवढं बोलून ते वहिनींना अद्रकीचं काय चाललंय विचारायला लागले.

मी शहरात परत आले आणि वाचायला बसले. हीच माझी चूक, असं नवरा म्हणतो. तोवर मला वाटायचं की मातीचा बांध फुटतो म्हणजे वरून पाणी ढकलतं आणि भिंत आडवी होते. तसं क्वचित होतं. बऱ्याचदा सुरुवात खालून होते. पाझराचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथले मातीचे कण आधी निघतात. मग त्यांच्या मागचे. मग त्यांच्याही मागचे. अशी एक बारीक नळी बांधाच्या पोटात तयार होते आणि ती मागं मागं, तलावाच्या दिशेनं वाढत जाते. डोंगरातल्या घळी अशाच खालून वर डोंगर खात जातात. नळी जितकी तलावाजवळ जाते तितकं पाण्याला कापायचं अंतर कमी होतं, तितका जोर वाढतो, तितकी माती लवकर निघते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की झऱ्याचं पाणी आज जरा धुरकट आहे. आणि नळी तलावाला टेकली की मग सगळं काही घटकेत संपतं.

मी सकाळ-संध्याकाळ फोन करायला लागले. "वहिनी, पाण्याचा रंग कसाय?"

"ताई, लोकं तब्येत इचारतेत, तुम्ही पान्याची इचारताव," वहिनी म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "आज गुलाबी हाय. उद्या हिरवं येनार हाय." मी हसले आणि मग दुपारी डबा तसाच ठेवून पुन्हा फोन लावला. वर्गात नळीतली रेघ दाखवताना मी नळ नको तितका उघडला आणि सगळी रेघ आधीच मोडली. भीतीचंही तसंच असतं हे तेव्हा कळलं. एकदा मनात ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं ती पुन्हा जाते आणि प्रत्येक खेपेला वाट रुंद करते. दादाचं घर, त्याच्या वर बांध, बांधाच्या वर ते पाणी. डोळे मिटले की हेच.

मग दोन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि वहिनींचा फोन आला. आवाजात चेष्टा नव्हती.

"ताई, पानी तांदळाच्या धुवनावानी यायलंय."

"दादा कुठंय?"

"हितंच. फावडं घिऊन हुबा हाय. तुम्हाला इचार म्हनला, काय करावं."

इतक्या वर्षांत दादानं शेतातलं काही मला पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हणाले, "आधी ते भोक बुजवा. काळी माती भरा, वरून पोती टाका, चांगलं दाबा. मी निघते." फोन कट झाला. 'घर सोडा, वर जा' हे मी बोललेच नाही. चाचांनी जे पहिल्यांदा करायला सांगितलं होतं ते माझ्या तोंडातून आलंच नाही, आणि जे आलं ते कुठून आलं हे मला आजही सांगता येत नाही.

बसस्टँडवर खुलताबादची गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसले. घाटात काचेवर बाहेरून पाण्याचे ओघळ उतरत होते आणि मी नुसती बघत होते. काचेवर एके ठिकाणी चिखलाचा ठिपका वाळून घट्ट बसला होता. एक ओघळ त्याला येऊन अडला. थांबला, फुगला, जाड झाला आणि मग शेजारून दुप्पट वेगानं खाली गेला. मी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना मला कळलं की मी काय सांगून बसले आहे.

तोंड बंद केल्यानं पाणी थांबत नाही. तोंड बंद केल्यावर आतला दाब चढतो आणि ते दुसरीकडून, जास्त जोरानं बाहेर पडतं. हे मी सव्वीस वर्षं परीक्षेला विचारत आले आहे, चार गुणांना. मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. वहिनींचा लावला. चाचांकडे फोनच नव्हता. माझ्या कपाळावरून घाम वाहत होता आणि कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला. "मॅडम, तब्येत बरी नाय का? गाडी थांबवू का?" मी म्हणाले, "थांबवू नका. जोरात घ्या."

खुलताबादहून जीप मिळाली, पण ओढ्याला पूर होता म्हणून ड्रायव्हरनं अलीकडेच उतरवलं. वरच्या अंगानं उंच पायपुलावरून मी पलीकडे गेले आणि पुढची वाट चालत काढली. चालत कसली, धावत. चप्पल चिखलात रुतली, ती सोडून दिली. ओढ्याचा आवाज आला की थांबायचे आणि ऐकायचे, हा ओढ्याचाच आहे ना? प्रत्येक वळणावर मला वाटायचं, या वळणापुढे आता घर नसणार.

बांध उभा होता. घर उभं होतं. झऱ्याच्या जागी मातीच्या पोत्यांचा ढीग होता आणि त्यावर दादा गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून पायानं माती दाबत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला. "बुजीवलं बग. एक थेंब येईना."

मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात गोठ्याच्या बाजूनं वहिनींची हाक आली. आम्ही गेलो. झऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, गवतात, जमीन उकळत होती. तीन ठिकाणी. राखाडी पाणी खालून फुगून वर येत होतं आणि भोवती बारीक मातीचं कडं करत होतं, मुंग्यांच्या वारुळाला असतं तसं. सकाळी एक तोंड होतं, ते मी बंद करायला लावलं आणि आता तीन झाली होती. मी म्हणाले, "चला, सगळं सोडा, वर चला." दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी पोती आणायला वळला. त्याला हीसुद्धा बुजवायची होती. आयुष्यभर शेताचा बांध फुटला की त्यानं तेच केलं होतं.

करीमचाचा छत्री टाकून आले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. "नक्को! पानी कू मत रोक. पानी कू जाने दे. मिट्टी कू रोक."

दादा थांबला.

"रेती है घर में?" चाचांनी विचारलं.

घराच्या मागं वहिनींच्या न्हाणीघरासाठी आणलेल्या वाळूचा ढीग होता. तीन वर्षं तो प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला होता, कधी हे अडलं कधी ते अडलं, आणि वहिनी अजून तट्ट्याच्या आडोशाला आंघोळ करत होत्या. वहिनी गेल्या आणि त्यांनी प्लास्टिक ओढून काढलं. "भरा पाट्या," म्हणाल्या.

उकळणाऱ्या तोंडांवर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर दगड. असं चाचा हातानं दाखवत गेले. वाळूच्या कणांमधून पाणी जातं, माती जात नाही. खडीतून पाणी जातं, वाळू जात नाही. चहाच्या गाळणीत याहून वेगळं काही नसतं. मला हे ठाऊक होतं, पण ठाऊक असलेली मी आणि पाटी उचलणारी मी या दोन वेगळ्या बायका होत्या. मग दादानं मघाशी रचलेली पोती ओढून काढली. स्वतः दाबून बसवलेली माती तो हातांनी उकरत होता आणि खालून धुवणासारखं पाणी पुन्हा उसळून आलं. तिथंही वाळू, खडी, दगड. पाणी दगडांमधून वाहत राहिलं.

चाचांनी सांडव्याकडे बघितलं. "अब वो उतारो. ऊपर का वजन कम करो."

तोवर गावातली आठ-दहा माणसं वर आली होती. सगळे सांडव्यापाशी जाऊन उभे राहिले आणि पोत्याला कुणी हात लावेना. त्यांना समजत नव्हतं असं नाही. ते दोन हात पाणी म्हणजे होळीच्या पुढेही विहिरीला पाणी, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. सगळे दादाकडे बघत होते, कारण रचायला सुरुवात त्यानं केली होती.

मी म्हणाले, "दादा, बुजव म्हणून मी सांगितलं ते चुकलं. माझं चुकलं. पण हे आता ऐक."

"तू भ्यालीस म्हनून सांगितलं," तो म्हणाला. "मी भ्यालो म्हनून ऐकलं." आणि त्यानं वाकून पहिलं पोतं उचललं.

पाणी सांडव्यावरून गेलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं ओळीनं उभी राहून ते जाताना बघत होती, गावातून कुणाला पोचवायला आल्यासारखी. एकानं टोपी काढून डोळे पुसले. चाचांनी सगळ्यांना टेकाडावर लिंबाखाली बसवलं. शेळ्याही वर आणल्या. वहिनी तेवढ्या पेला घेऊन खाली-वर करत राहिल्या. दुपारी पेल्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ बसत होता. चार वाजता नखाएवढा. दिवस मावळायच्या आधी त्यांनी आणलेला पेला चाचांनी पश्चिमेकडे धरला, बराच वेळ धरला, आणि मग माझ्या हातात दिला. त्यात काही नव्हतं. मी तो पेला दोन्ही हातांनी धरून रडले. दादा म्हणाला, "आता कामून रडायली?" मी पेला त्याच्या हातात दिला.

पूर ओसरल्यावर तलावाचं बघणारे साहेब आले. त्यांनी वाळू-खडीचं काम बघून मान डोलावली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथं पक्की दगडी बांधणी झाली. बांध ठीक आहे, असं ते म्हणाले. पण तो पन्नास वर्षांहून जुना मातीचा बांध आहे आणि त्याच्या पोटात कुठं कुठली वाट तयार होतेय हे त्यांनाही माहीत नाही. त्या वर्षी फाल्गुनातच विहिरी खाली गेल्या. गावात मला कुणी काही बोललं नाही. चहाला बोलावलं, माझ्या घरचं कसंय विचारलं. तेही मला जड गेलं.

तेव्हापासून मी एकच धोशा लावला आहे: दादा, तुम्ही दोघं शहरात या. आमच्या घरात एक खोली रिकामी आहे. मी तिला रंग दिला, पडदे लावले, वहिनींना खाली बसून स्वयंपाक करायची सवय म्हणून ओट्याशेजारी जागा केली. रानात जायला रोज बस आहे, हवं तर आठवड्यातून तीनदा जा. दादा कधी अद्रक काढायची आहे म्हणतो, कधी शेळी व्यायची आहे म्हणतो. तो तोंडावर नाही म्हणत नाही, एवढीच मला आशा होती.

मागच्या शनिवारी मी मुक्कामाला गेले. तलाव पुन्हा भरला आहे. सांडव्यावर या वेळी कुणी पोतं ठेवलेलं नाही. रविवारी उजाडल्यावर पावसाची भुरभुर चालू होती आणि दादा पडवीत शेळ्यांना पाला टाकत होता. मी म्हटलं, आज हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. मी सगळं सांगितलं. फळ्यावर सांगते तसं सांगितलं, कण आधी कुठला निघतो, मग कुठला. शेवटी म्हणाले, "या बांधाखाली कुणी राहू नये, दादा. मला झोप लागत नाही."

"मला बी लागत नाय," तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

त्यानं पाला खाली ठेवला आणि उताराकडे हात केला. अद्रकीच्या रानाच्या खाली, ओढ्याच्या काठानं, वस्तीची पत्र्याची छपरं दिसत होती. "खाली बारा घरं हायती. त्यास्नी तितून बांध दिसत नाय, मधी उंचवटा हाय. त्यास्नी निस्तं आमचं घर दिसतं. त्या सालापासून पावसाचं असंच हाय. तुझी वहिनी उठून आधी झऱ्याचं पानी बगती. साफ असलं तर चूल पेटीवती. धूर दिसला की खालची मानसं लेकरं घरी ठिवून कामाला जात्यात. नाय दिसला तर लेकरं घिऊन टेकाडावर." त्यानं पाला पुन्हा उचलला. "आमी हितून उठल्यावर पानी कोन बगंल, कुंदा?"

घरात गॅस आहे. दोन सिलिंडर आहेत. आदल्या दिवशी मी वहिनींना विचारलंही होतं की गॅस असताना चूल कशाला, आणि त्या नुसत्या हसल्या होत्या.

इतक्यात वहिनी ओल्या पायांनी झऱ्यावरून आल्या, "साफ हाय" म्हणाल्या आणि चुलीपुढं बसल्या. रात्रभरच्या पावसानं लाकडं दमट झाली होती. काडी लावली, विझली. पुन्हा लावली, जराशी धुमसली आणि बसली. वर धूर जाईना. खाली वस्तीवर कुठल्यातरी दारात कुणीतरी उभं राहून इकडे बघत असणार. मी उठले, वहिनींच्या हातातली फुंकणी घेतली, जमिनीला कपाळ टेकेल इतकी वाकले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्या चुलीत घालत राहिले.